उसाच्या फडावर हलगी

समुद्राकाठी हलगी वाजत नाही, ही गोष्ट आम्हाला समुद्राकाठी पोहोचल्यावर कळली. मालवणकडच्या एका लोककला महोत्सवात आमचं नाव पुकारायला थोडाच वेळ उरला होता, आणि रंगमंचामागं आमची पोरं हवा लागलेल्या पापडासारख्या मऊ पडलेल्या हलग्या हातात घेऊन माझ्याकडं बघत उभी होती. मी संगीताची शिक्षिका, तेव्हा यावर काही उपाय मलाच ठाऊक असणार, असा त्यांचा समज होता. मला काहीही ठाऊक नव्हतं.

नोकरीतला माझा बराचसा काळ असाच गेला. नांदूरघाट भागातल्या एका शाळेत मी संगीत शिकवत होते. खेड्यातल्या शाळेत संगीताची बाई म्हणजे पाहुणे आले की स्वागतगीत बसवणारी, पाहुणे गेले की आवराआवर करणारी, आणि कुणी शिक्षक रजेवर असले की त्यांच्या वर्गावर जाऊन पोरं गप्प बसवणारी. अशाच एका उसन्या तासाला आठवीतली एक मुलगी शेवटच्या बाकावर बोटांनी ठेका धरून बसली होती. तिला दटावायला म्हणून मी उठले आणि मध्येच थांबले. सात मात्रांचा चालता ठेका ती अशी मोडून, उलटा करून, पुन्हा जागेवर आणून ठेवत होती की मला माझे लातूरचे गुरुजी आठवले.

"कुणी शिकवलं गं?"

"कुनी न्हाई मॅडम. वरातीत ऐकलंय."

ही शीतल. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. त्या दिवसांत ती गावात चुलतीकडं राहायची.

आमचं लोकवाद्य पथक त्या बाकावर सुरू झालं. शिकवायला मी उत्तममामांना आणलं. नारायणगडाच्या जत्रेपासून ते दिंद्रुडच्या वरातीपर्यंत सगळ्या भागात त्यांची हलगी ठाऊक. मिशीला कलप, डोक्याला अबोली फेटा, आणि बोलणं असं की जणू हलगी त्यांच्याच घरात जन्माला आली. शाळेत पाऊल टाकताच मला म्हणाले, "मॅडम, तुमचं ते सा रे ग म कपाटात ठिवा. हितून पुढं फकस्त हातानं बोलायचं."

ज्यांनी हलगी फक्त लांबून ऐकली त्यांच्यासाठी सांगते. गोल कडं, त्यावर ताणून बसवलेलं शेळीचं कातडं. एका हातात आखूड जाड टिपरू, दुसऱ्या हातात लांब पातळ काडी. वाजवण्याआधी ती विस्तवावर शेकावी लागते. ऊब मिळाली की कातडं ताणतं आणि आवाज खणखणीत निघतो, निवली की आवाज बसतो. त्यामुळं हलगीवाला आणि जाळ यांची फारकत होत नाही. संबळ म्हणजे कमरेला बांधायची जोडी, एक तोंड बारीक आवाजाचं आणि एक घुमणारं. त्याच्या जोडीला तुणतुणं, झांज आणि सनई. एवढाच आमचा संसार. पोरं-पोरी मिळून एका ट्रॅव्हलर गाडीत मावतील इतकी.

मालवणच्या महोत्सवाचं आमंत्रण आलं तेव्हा शीतल अकरावीला होती आणि पथकाची हलगी तिच्याच हातात होती. येताना सांगलीकडच्या एका शहरात, मोठ्या नाट्यगृहात दुसरा कार्यक्रम. जिल्ह्याबाहेरचा आमचा पहिलाच दौरा. पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. उत्तममामांनीही पाहिलेला नव्हता, पण ते तसं कबूल करत नव्हते.

अडचण आली ती घराघरांतून.

संबळ वाजवणारा ओंकार हा आबासाहेबांचा नातू. आबासाहेब म्हणजे आमच्या भागातले बडे बागायतदार. अनेक वर्षं राजकारणात मुरलेले, आवाज असा की वाड्यात बोलले तर चौकात ऐकू जावं. मी परवानगी मागायला गेले तर त्यांनी चहा पाजला, खुशाली विचारली आणि म्हणाले, "मॅडम, पोरगं गुणी हाय. पर आमच्या घरात वाजविनारे बोलवायची पद्धत हाय, वाजवायची न्हाई."

मी काही बोलणार तोच ओंकार आतून म्हणाला, "आबा, बॅनरवर तुमचा फोटू टाकनार हायेत."

मी असं काहीच ठरवलेलं नव्हतं. आबासाहेबांनी क्षणभर विचार केला.

"केवढा?"

फोटो गाडीच्या एका बाजूभर निघाला. हात जोडलेले, मागं उगवता सूर्य, आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली तेवढ्यात, आमच्या पथकाचं नाव.

शीतलचं असं हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. तिच्या वडिलांचं नाव बंकट. त्यांची टोळी तेव्हा कृष्णाकाठी ऊस तोडत होती. मी फोन लावून परवानगी मागितली, तेव्हा पलीकडून वारा आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"न्हाई मॅडम. लई झालं. उद्या सोयरीक जमवायची म्हनल्यावर पोरगी काय करती म्हनून सांगू? हलगी वाजविती?"

"तुम्ही एकदा ऐका तरी तिला, बंकटभाऊ. मी व्हिडिओ पाठवला होता."

"बगितला की. मोबाइलमधी तर पत्र्याचा डबा बडविल्यावानी वाजतंय."

ते खरं होतं. आणि त्याच वेळी मला एक गोष्ट लख्ख दिसली, जी इतकी वर्षं नोकरी करून दिसली नव्हती. आमचं स्नेहसंमेलन थंडीत व्हायचं. सगळ्याच शाळांचं तेव्हा होतं. आणि थंडीत आमच्या निम्म्या पोरांचे आईबाप फडावर असायचे. दरवर्षी पहिल्या रांगेत मी आमदार, सरपंच, केंद्रप्रमुख बसवले. ऊस तोडणाऱ्या एकाही आईनं आपलं लेकरू रंगमंचावर पाहिलेलं नव्हतं. आमचं संमेलन छान होतं असं आम्हीच एकमेकांना सांगत आलो होतो. दर दिवाळीनंतर माझ्या वर्गातला कोरस पातळ व्हायचा, त्यातल्या काही मुली उन्हाळ्यात गावात दिसायच्या त्या मंगळसूत्र घालून, आणि मी हळहळून पुढच्या कोरसाला लागायचे. याचं वाईट वाटतं, ते अजून वाटतं.

तेवढ्यात फोन शीतलच्या आईनं घेतला. रुक्मिणबाई. "मॅडम, तुमी कोन्या रस्त्यानं जाताव?"

मी रस्ता सांगितला.

"मंग येताना आमच्या वरूनच जाताव की. पोरीला घेऊन या. दिवाळीपसून तोंड न्हाई बगितलं तिचं."

मागून बंकटभाऊंचा आवाज आला, "येऊ द्या. वाजवा आमच्यापुढं. पटलं तर पटलं. न्हाई पटलं तर पोरगी हितंच राहील, कामाला हात लागंल."

मी शीतलला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिला अंधारात ठेवून नेणं मला जमलं नसतं. तिनं जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाली, "चालंल. पर मॅडम, आदी समुद्र. मंग फड."

आमचे ड्रायव्हर रफिकभाई. केजचे. गाडी चालवताना त्यांना गप्प बसवत नाही. "मॅडम, फिकर नक्को. हलगी पीछे बजने दो, गाडी अपने आप चढती घाट." पोरांनी ते शब्दशः घेतलं. बार्शी ओलांडेपर्यंत माझं डोकं भणभणायला लागलं होतं, आणि तरी मी कुणाला थांबवलं नाही. सहलीला निघालेली पोरं आणि दौऱ्यावर निघालेले कलावंत यांत फार फरक नसतो. दोघांनाही खिडकीची जागा हवी असते आणि दोघांनाही दर तासाला भूक लागते. उत्तममामांनी घरून बाजरीच्या भाकरींची चळत आणि ठेच्याचा डबा घेतला होता. परमुलखात काय खायला घालतील याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं.

कोल्हापूरच्या अलीकडं एका नाक्यावर आम्हाला अडवलं. कुठल्याशा निवडणुकीची आचारसंहिता लागलेली होती आणि आमच्या गाडीवरून आबासाहेब सगळ्यांना हात जोडत होते.

"कोण उमेदवार आहेत हे?" तपासणी पथकातल्या साहेबांनी विचारलं.

"उमेदवार न्हाईत साहेब, आजोबा हायेत," ओंकार म्हणाला.

"आणि पोत्यांत काय आहे?"

"हलग्या."

साहेबांचा विश्वास बसेना. गोल गोल वस्तूंनी भरलेली पोती, बाजूला पुढाऱ्याचा फोटो. शेवटी शीतलनं एक हलगी बाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेलाच वाजवली. उत्तममामा संधी सोडणारे नव्हते, त्यांनी दुसरी काढली. नाक्यावरचे लोक जमले, ट्रकवाले उतरले, आणि तपासणीला आलेल्या पथकातला एक शिपाई खांदे उडवायला लागला. साहेबांनी हसत हसत हात वर केला. "पुरे, पुरे. जा तुम्ही. पण तेवढं बॅनर उतरवा."

फ्लेक्स गुंडाळून मागं टाकला. पुढच्या प्रवासात तो फार उपयोगी पडला. जेवायला थांबलो की तोच अंथरायचा. आबासाहेबांच्या जोडलेल्या हातांवर ठेच्याचा डबा ठेवून आम्ही कोल्हापूर ओलांडलं.

समुद्र दिसला तशी गाडी थांबवावीच लागली. मग पोरं अशी धावली की चपला वाळूत राहिल्या. उत्तममामा काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते. मी विचारलं, "काय मामा?"

"पानी लई हाय," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "आपल्याकडं पायजे होतं."

तर त्याच समुद्रानं संध्याकाळी दगा दिला. खाऱ्या दमट हवेनं सगळ्या हलग्या बसल्या. आमच्याकडं थंडीतली हवा सुकी, एकदा शेकली की बराच वेळ भागतं. इथं शेकल्याशिवाय आवाजच नाही, आणि सभागृहात विस्तव पेटवायला सक्त मनाई. उत्तममामांनी तिथल्या एका कार्यकर्त्याला हलगी म्हणजे काय हे ओरडून समजावलं, त्यानं आगीचे नियम तितक्याच ओरडून समजावले.

शीतल मात्र तोवर बाहेर पोहोचली होती. फाटकापाशी एका बाईंची भज्यांची गाडी होती. हिनं जाऊन हलगी पुढं केली. त्या बाई म्हणाल्या, "बाये, ह्यां काय तळूक हाडलास?" हे काय तळायला आणलंस, असं त्या विचारत होत्या. शीतलला त्यांची भाषा कळली नाही, त्यांना हिची. पण हिनं हलगीवर एक काडी मारली, तो मेलेला आवाज त्यांनी ऐकला आणि लगेच कढई उतरवून ठेवली. मग सगळी पोरं त्या शेगडीभोवती. एक हलगी ताणली, खणकन बोलली, मग दुसरी. गिऱ्हाइकं भजी विसरून उभी राहिली. आत आमचं नाव पुकारलं गेलं तेव्हा आम्ही फाटकावरच होतो, त्यामुळं तिथूनच वाजवत निघालो. लोक वळून बघतायत, मधल्या वाटेनं हलगी, मागं संबळ, आणि सगळ्यात मागं भजीवाल्या बाई, हातात झारा तसाच.

कार्यक्रमाआधी निवेदकानं आमची ओळख करून दिली होती ती अशी, की दुष्काळानं होरपळलेल्या भूमीतून ही मुलं आली आहेत. आमची ओळख सगळीकडं अशीच करून देतात. ओंकार दरवेळी कुजबुजतो, "मॅडम, आपुन जरा पावसाळी हाव असं कुनी कवा म्हनल?" त्या दिवशी मात्र वाजवून झाल्यावर त्याच निवेदकानं माईक खाली ठेवला. तो नुसता टाळ्या वाजवत राहिला. मला ती ओळख आवडली.

परतीचा रस्ता धरला तशी शीतल सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली. खिडकीची जागाही तिनं दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. टोळीच्या मुकादमाचा फोन आला होता. कारखान्यात काही मोडतोड झाली होती, गाळप बंद, त्यामुळं तोडही बंद, सगळी माणसं मुक्कामावरच होती. आम्हाला हे सोयीचं होतं. पण शीतलनं ऐकून एवढंच विचारलं, "म्हंजी समदेच असतील?"

मुक्काम म्हणजे काय, तर तोडून झालेल्या रानात पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, आणि ताडपत्रीच्या कोप्यांची, झोपड्यांची रांग. एका बाजूला गाड्या, बैल दावणीला, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, वाढ्यांचे ढीग. गाडी थांबताच पोरं धावत आली आणि त्यांच्यामागं रुक्मिणबाई, डोक्यावरचा पदर सावरत. त्यांनी लेकीला जवळ घेतलं, मग दूर धरून बघितलं, पुन्हा जवळ घेतलं. "वाळली," एवढंच म्हणाल्या. वाळली वगैरे काही नव्हती. कोकणात मासे चाखायला तयार झालेली आमच्यात ती एकटीच होती आणि तिनं मनसोक्त खाल्ले होते.

बंकटभाऊ उंच, काळेसावळे, बोलायला कमी. त्यांनी मला नमस्कार केला, पाणी दिलं आणि आपल्या बैलांपाशी जाऊन उभे राहिले. टोळीतली माणसं बसली. आम्ही फ्लेक्स अंथरला, त्यावर लहान पोरं बसली. उत्तममामांनी पाचट पेटवलं. पाचट भडकन पेटतं, भडकन विझतं, त्यामुळं हलगी वरच्यावर फिरवत राहावी लागते. मामा ती अशी फिरवत होते जणू आरतीचं ताट.

आणि सुरुवात फसली.

मालवणच्या भरल्या सभागृहात जी कुठं अडखळली नव्हती, त्या शीतलचा ठेका बापापुढं चुकला. पहिल्याच वळणावर ती एक मात्रा आधी आली, सावरायला गेली आणि आणखी सांडलं. तिनं काडी खाली केली. तिचा चेहरा मला दिसत होता. मी काही करू शकत नव्हते, वाद्य वाजत असताना बाहेरचं माणूस काहीच करू शकत नाही.

ओंकारनं केलं. एरवी हा पोरगा संबळावर भारी हौशी, एक ठेका साधा ठेवणार नाही. त्यानं सगळी नक्षी टाकून दिली. नुसता सरळ, मोकळा ठेका धरला, पुन्हा तोच, पुन्हा तोच, कोणीही कुठूनही आत येऊ शकेल असा. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. झांजवाल्यांना कळलं, तेही दबले. उत्तममामांनी आपली हलगी बगलेत घेतली. रानात तो एकटा संबळ वाजत राहिला, जणू दार उघडून कुणी बाजूला उभं राहावं.

शीतलनं डोळे मिटले, एकदोन आवर्तनं जाऊ दिली, आणि आली. अशी आली की रांगेतल्या म्हाताऱ्या माणसानं "हां!" म्हणून मांडीवर हात मारला. मग ती थांबली नाही. हलगी पाचटाच्या जाळानं तापलेली, उघडं रान, आवाज अडवायला भिंत नाही. शेजारच्या मुक्कामावरची माणसं बांधावरून यायला लागली. बाया आधी बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होत्या, मग एक उठली, मग दुसरी, मग रुक्मिणबाई.

तेवढ्यात दावणीचा एक बैल चुळबुळायला लागला. कान उभे, मान वर, आणि एक एक पाय उचलून जागच्या जागी आपटायला लागला. मला भीती वाटली, बुजला की काय. पण बंकटभाऊंनी त्याची वेसण धरली आणि ते हसायला लागले. मोठ्यानं, सगळ्या अंगानं.

"आवं, पोळा समजायलाय! येडं! ह्येला वाटतंय पोळा आला!"

पोळ्याला आमच्याकडं बैलांपुढं हलगी वाजते. त्या बैलाला गाव आठवलं होतं. टोळी हसून लोळायची वेळ आली. कुणी धावत जाऊन त्याच्या शिंगांना आपला रुमाल बांधला, कुणी गुलाल नाही म्हणून हळद आणली. शीतलनं ते बघितलं आणि हलगी वाजवत थेट दावणीपाशी गेली. बैलापुढं, बापापुढं. ऐन पौषात त्या रानात पोळा साजरा झाला.

वाजवून झाल्यावर बंकटभाऊ तिच्याजवळ आले. तिचा हात धरून त्यांनी तळवा उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांवर काडीनं पडलेले घट्टे होते. त्यांनी आपला तळवा त्याच्या शेजारी धरला.

"कोयत्यानं बी हितंच पडतेत," ते म्हणाले.

"मंग हलगीनं पडलेत ते राहू द्या की," रुक्मिणबाई म्हणाल्या. नाचून त्यांना धाप लागली होती.

बंकटभाऊ बैलाच्या शिंगांचा रुमाल सोडायला लागले. मला धीर धरवेना. "मग बंकटभाऊ? शीतल इथं राहणार की..."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलं. "हितं राहून कसं चालंल? उद्या कार्यक्रम हाय न्हवं तिचा? कुटं हाय?"

मी नाट्यगृहाचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पडद्यामागून डोकावले तर फाटकावर गडबड चालली होती. बाहेर एक ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत अख्खी टोळी. बाया ठेवणीतल्या लुगड्यांत, पुरुष धुतलेल्या टोप्यांत, पोरांच्या केसांना तेल. आणि छातीवर बिल्ले लावलेले स्वयंसेवक त्यांना समजावत होते, की प्रवेशिका नसेल तर आत सोडता येत नाही. मी धावत निघाले, पण माझ्या आधी एक आवाज तिथं पोहोचला.

"कोन अडवायलंय बे माज्या मानसांना?"

आबासाहेब. नातवाचा कार्यक्रम बघायला, घरी पत्ता न लागू देता, स्वतःच्या गाडीनं आले होते. त्यांच्याकडं मात्र खास पाहुण्यांची प्रवेशिका होती, ती त्यांनी तलवारीसारखी उगारली. "ही समदी आपल्या जिल्ह्याची मानसं हायेत! त्यांच्या लेकरांचा कार्यक्रम हाय आन त्येच बाहेर? कावून?" कुणाला काही बोलायची उसंतच मिळाली नाही. तो आवाज मी गावच्या सभांमधून इतकी वर्षं ऐकला, कधी आवडला नव्हता. त्या संध्याकाळी फार गोड वाटला. स्वयंसेवक बाजूला झाले आणि आबासाहेब टोळीच्या पुढं असे चालत आले की मिरवणूकच. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या आणि पाहुणे नेहमीप्रमाणे यायचेच होते. टोळी तिथं बसली. आबासाहेबांनी बंकटभाऊंना आपल्या शेजारच्या खुर्चीत ओढून बसवलं.

बसता बसता त्यांनी माझ्या मागोमाग आलेल्या उत्तममामांना विचारलं, "बॅनर दिसंना कुटं?"

मामा क्षणभरही अडखळले नाहीत. "आबासाहेब, तुमी रस्त्यानं लोकांच्या लई कामाला आलाव."

आबासाहेब खूश झाले.

त्या दिवशी पोरांनी कसं वाजवलं हे मी लिहू शकणार नाही. एवढं सांगते की ओंकारनं आदल्या दिवशी रानात टाकून दिलेली सगळी नक्षी इथं व्याजासकट काढली, आणि आबासाहेब, ज्यांच्या घरात वाजविणारे बोलवायची पद्धत, ते खुर्चीच्या हातावर ठेका धरून बसले होते. चुकीचा, पण मनापासून.

शेवटी आयोजकांनी शीतलला शाल दिली आणि आईवडिलांना वर बोलावलं. रुक्मिणबाई सरळ चढल्या. बंकटभाऊंना टोळीनं मागून ढकललं. कुणीतरी त्यांच्यापुढं माईक धरला आणि विचारलं, "लेकीबद्दल काय सांगाल?"

त्यांनी आधी टोपी सरळ केली. मग माईक हातानं धरला.

"पोरगी वाजविती हे म्हाईत होतं," ते म्हणाले. "असं वाजविती हे काल कळलं."

सभागृह आधी हसलं, मग उभं राहिलं.

शीतल आमच्याबरोबर परत आली. बारावी झाली, आता अंबाजोगाईला शिकते, सुट्टीत शाळेच्या पथकाला तालीम देते. सोयरीक विचारायला आलेल्यांना बंकटभाऊ पहिल्यांदा विचारतात, हलगी चालंल का? अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही, आणि त्यांनाही घाई दिसत नाही. पुढच्या वर्षी फडावरून त्यांचाच फोन आला, "मॅडम, कवा येताव? बाकीच्या टोळ्या इचारायल्यात." तेव्हापासून पथकाचा दौरा फडांवरून जातो. कुठल्या मुलाचे आईबाप कुठं आहेत ते पाहून रस्ता ठरतो, मग लांबचा पडला तरी चालेल.

मी निवृत्त झाले. गेल्या थंडीत पथक शीतल घेऊन गेली आणि मी नुसती सोबत गेले. कसली जबाबदारी नाही, पोरं मोजायची नाहीत, आवाज बसला तर माझ्याकडं कुणी बघणार नाही. एका फडावर गोणपाटावर रुक्मिणबाईंच्या शेजारी मी ऐटीत बसले होते. हलगी सुरू झाली, बाया उठल्या, रुक्मिणबाई उठल्या आणि जाता जाता त्यांनी माझा दंड धरला.

"मॅडम, बसून कशाला राहिलाव? उटा."

"अहो, मला नाचता येत नाही. मी कधी नाचले नाही."

"आमी तरी कुटं शिकलाव?"

आयुष्यभर मी इतरांना तालात आणलं, स्वतः मात्र बाजूला उभी राहून हातानं मात्रा मोजत आले. चष्मा काढून पिशवीत ठेवला, पदर खोचला आणि उठले. उसाच्या बुडख्यांत पाय अडखळत होते. समोर शीतल वाजवत होती. तिनं मला बघितलं, तोंडभर हसली, आणि लय वाढवली.